घर ते दुकान

१८ ऑगस्ट, सोमवार

ही डायरी ह्यांच्या दुकानातली. अल्बम छापणारे दर दिवाळीला एक देत. हे त्यात कधी एक अक्षर लिहीत नसत, म्हणून घरात सात-आठ कोऱ्या पडल्या आहेत. ही दोन वर्षांपूर्वीची. तारीख जुळते, वार जुळत नाही. वार खोडून मी माझा लिहिते.

लिहायचं कारण नीलम. अमरावतीत राजापेठेत फिजिओथेरपीचा दवाखाना आहे, तिथली मुलगी, मूळची दर्यापूरची. ती म्हणाली, "काकू, रोज किती चालल्या, कुठं दुखलं, लिहून ठेवत जा." मी शाळा चौथीपर्यंत शिकले. पुढचं वाचन किराण्याच्या पुड्यांवर झालं आणि मग वाचनालयात. वाचायची सवय आहे, लिहायची नाही. बघू.

२ जुलैला अकोल्याला घराच्या पायरीवर घसरले आणि उजव्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळई आहे. सीमा, माझी एकुलती एक मुलगी, मला अमरावतीला आपल्या घरी घेऊन आली. ती शाळेत शिकवते, जवाई किशोरराव क्लास घेतात. दोघंही चांगले आहेत. पण माझं घर अकोल्याला जुन्या शहरात आहे आणि मला तिथं जायचं आहे.

हाडाच्या डॉक्टरांनी अट घातली. ट्रेडमिलवर वीस मिनिटं, ताशी तीन किलोमीटरच्या वेगानं, दांडी न धरता चालून दाखवा, मग खुशाल एकट्या राहा. किशोररावांकडे बँकेतलं एक जोडपं अकोल्याचं घर भाड्यानं मागत आहे. ते म्हणाले, "दिवाळीपर्यंत पाहू आई. नाही जमलं तर त्यांले हो म्हणून टाकू. बंद घराले वाळवी लागते." बोलण्यात चूक काही नाही.

आज दीडच्या वेगानं चार मिनिटं. दोन्ही हातांनी दांडी धरून.

२० ऑगस्ट, बुधवार

नीलमनं आज डोळ्यांवर चष्मा चढवला. चष्मा कसला, डबाच तो. आत चित्र दिसतं आणि कानांवरही झाकण येतं. पायाखालचा पट्टा फिरू लागला की चित्रातला रस्ता पुढे येतो, पट्टा थांबला की रस्ता थांबतो. जिकडे मान वळवावी तिकडचं दिसतं. परदेशातलं जंगल होतं. झाडं उंच, रस्ता झाडलेला, आणि माणूस एक नाही.

"कसं वाटून राह्यलं काकू?"

"वाट चुकली तर विचारायले कोणी नाही इथं."

"मंग समुद्र लावू?"

समुद्र लावला. वाळूतून चालले आणि पायाला वाळू लागली नाही. दुखणं तेवढं खरं होतं.

नियम असे. कमरेला जाड बेल्ट, त्याचं टोक नीलमच्या हातात. पदराला लाल दोरीचा चिमटा. तोल गेला की दोरी सुटते आणि पट्टा जागच्या जागी थांबतो. आणि मान डावी-उजवी केली तर चालेल, पण मागे वळून पाहायचं नाही. मागे पाहिलं की माणूस पडतोच, म्हणाली.

शेवटी तिनं विचारलं, "तुमाले कोणता रस्ता पाहिजे ते सांगा. गोल कॅमेऱ्यानं काढलेला कोणताही व्हिडिओ यात चालते."

मी म्हटलं, असला कॅमेरा आमच्या घरी आहे.

२४ ऑगस्ट, रविवार

हे लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ काढायचे. घर मोर्णा नदीच्या अलीकडे, दुकान पुलापलीकडे. हे वारले त्या वर्षी, जानेवारीत, ह्यांनी एक कॅमेरा आणला. मुठीएवढा, काठीच्या टोकावर बसतो आणि चारी बाजूचं एकदम काढतो. लग्नवाल्यांना तो पसंत पडला नाही. हे म्हणायचे, "त्यात जेवणारे पण दिसतात अन् रुसलेले पण. लोकाइले रुसलेले नाही पाह्यजेत." मग तो कपाटात गेला.

शिकताना एकदा ह्यांनी घरापासून दुकानापर्यंतचा रस्ता काढला होता. दुकान आवरताना सीमानं तिथलं सगळं एका डिस्कवर घेऊन ठेवलं, त्यात तो आज सापडला. नाव दिलं आहे 'घर ते दुकान'. बरोबर वीस मिनिटांचा.

सीमानं तो आधी स्वतःच्या मोबाईलवर लावला. बोटानं चित्र फिरवता येतं म्हणे, पुढचं, बाजूचं, मागचं. मला नको दाखवू म्हटलं, चष्म्यातच पाहीन. ती पाहत बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "आई, हे राहू दे. जंगलच बरं होतं तुह्यासाठी."

"काहून?"

"असंच. खड्डे लय हायेत त्या रस्त्यानं."

चित्रातल्या खड्ड्यांनी मला काय होणार आहे. मी हट्ट धरला. ती स्वयंपाकघरात गेली आणि परत आली तेव्हा डोळे लाल होते. कांदा चिरला म्हणाली. भाजी भेंडीची होती. शाळेत काहीतरी झालं असावं, हल्ली मुख्याध्यापक फार बोलतात.

नंतर तिनं गॅलरीत उभं राहून नीलमला फोन केला. बराच वेळ बोलत होती.

२८ ऑगस्ट, गुरुवार

आज आमच्या गल्लीतून चालले.

दवाखान्यात जाताना राजापेठेत नुसती गर्दी, मंडपांचे खांब रस्त्यात, क्लास सुटलेल्या पोरांच्या गाड्या. आत जाऊन चष्मा घातला आणि आमची गल्ली. आमचा नळ. शेजारच्या पार्बताबाईचं दार, त्यापुढे बांधलेली शेळी. जानेवारीतलं ऊन. हे काठी उंच धरून चालत असणार, म्हणून मी होते त्यापेक्षा हातभर उंच झाले आणि पार्बताबाईच्या कुंपणाच्या आत दिसू लागलं. तिनं आमची बादली नेली नाही म्हणून शपथ घेतली होती. बादली कुंपणाच्या आत होती.

माझा वेग दीडचा, ह्यांचा तीनचा. म्हणून चित्र निम्म्या चालीनं चालतं आणि आवाज जाड येतात, टेपचे सेल उतरल्यासारखे. सुरुवातीलाच कोणीतरी दोन-तीन शब्द बोलतं, ते नुसतं घरघरल्यासारखं ऐकू आलं.

सात मिनिटं चालले. गल्लीचं वळण मागे पडलं, पण मोठ्या रस्त्यापर्यंत पोचले नाही. नीलम म्हणाली, उद्या इथून पुढे लावते. मी नाही म्हटलं. घरून निघाल्याशिवाय दुकानात कसं पोचणार.

४ सप्टेंबर, गुरुवार

महालक्ष्म्यांचे तीन दिवस दवाखाना बंद होता. पायानं तेवढ्यात रुसून घेतलं. आज पुन्हा पाच मिनिटं.

९ सप्टेंबर, मंगळवार

पावणेदोनचा वेग, बारा मिनिटं. मोठ्या रस्त्याला लागले. तिथं कोपऱ्यावर पुंजाजीची पानटपरी आहे. पुंजाजी माझ्याकडे पाहून, म्हणजे कॅमेऱ्याकडे पाहून, जाड आवाजात बोलला, "देवरावभाऊ, हे कायची छत्री घेऊन फिरून राह्यले? कापड कुठं गेलं?"

आणि माझ्या मागून उत्तर आलं. "कापड उडालं. काडी राह्यली."

मागून. उजव्या खांद्याच्या मागून. त्या चष्म्यात आवाज जिथून निघाला तिथूनच ऐकू येतो.

मी नीलमला थांबव म्हटलं. इतके दिवस मी समजत होते की ह्यांनी काढलेला रस्ता मी पाहते आहे. हे स्वतः कुठं असतील हा विचारच केला नव्हता. काठी ह्यांच्या हातात, कॅमेरा काठीच्या टोकाला पुढे, आणि चारी बाजूचं येतं म्हटल्यावर हे पण आलेच असतील की.

"नीलम, हे मागं हायेत काय?"

तिनं माझा बेल्ट घट्ट धरला. मग म्हणाली, "काकू, मागं पाहायचं नाही. सीमाताईनं मले शपथ घातली हाये."

असं आहे तर. सीमाला माहीत होतं.

लग्नानंतर मी नेहमी ह्यांच्या मागून चालले. हे झपाझप पुढे, मी पिशवी सांभाळत दहा पावलं मागे. ह्यांची पाठ मला तोंडपाठ आहे. आता हे मागे आहेत आणि मी पुढे.

१५ सप्टेंबर, सोमवार

आज गेले नाही. घरात कोणी नाही. एक गोष्ट लिहून टाकते.

दोन वर्षांपूर्वीचा १४ डिसेंबर. साडेनऊला हे दुकानात जायला निघाले. आदल्या वर्षी छातीत दुखून दवाखान्यात राहून आले होते, तेव्हापासून जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची पांढरी डबी खिशात असायची. हे वळणापर्यंत पोचले नव्हते आणि मला डबी कोनाड्यात दिसली. मी ती घेऊन दारात आले. हे पाठमोरे, तीस-चाळीस पावलांवर. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

आमच्याकडे बाहेर निघालेल्या माणसाला मागून हाक मारत नाहीत. काम होत नाही म्हणतात. सासूबाईंनी हे मला लग्नानंतर पहिल्या महिन्यात सांगितलं. निघालेल्यानंही मागे वळून पाहायचं नाही. एकेचाळीस वर्षं मी दारात उभी राहिले, हे वळणावर दिसेनासे होईपर्यंत, आणि हे एकदाही वळले नाहीत. मी उभी असते हे त्यांना माहीत होतं की नाही, तेही मला माहीत नाही.

मी हाक मारली नाही. बाराला जेवणाच्या डब्यासोबत पाठवू म्हटलं आणि डबी कोनाड्यात परत ठेवली. अकराला दुकानातच ह्यांचा जीव गेला.

हे कोणाला सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही. डबी अजून माझ्या कपाटात आहे.

खरं सांगायचं तर मला त्या रस्त्यानं भराभर पुढे जायचं नाही. रस्ता दुकानात जातो. नीलम म्हणाली होती, खुर्चीवर बसा आणि सगळा व्हिडिओ एका बैठकीत पाहा. मी म्हटलं, चालतच जाईन. तिला वाटलं काकूंची जिद्द मोठी आहे.

१६ सप्टेंबर, मंगळवार

कालचं पान फाडणार होते. राहू दिलं. तेरा मिनिटं.

२५ सप्टेंबर, गुरुवार

वेग अडीचला आला. सोळा मिनिटं. एक हात दांडीवर.

पूल ओलांडला. मोर्णेत पाणी दिसत नाही, नुसती जलकुंभीची पानं, हिरवीगार, वाटतं पाय ठेवावा. पुलाच्या मध्यावर हे थांबतात. काही बोलत नाहीत. मला वाटलं नदी काढत असतील. पण श्वास ऐकू येतो, जवळजवळ मानेवर. मग पुन्हा चालतात. पलीकडे गेल्यावर पुन्हा थांबतात. ह्या वेळी तिथं काढण्यासारखं काहीच नाही, टायरचं दुकान आहे. तरी थांबतात. कलाकार माणूस, त्यांना काय दिसलं असेल सांगता येत नाही.

मी वेगानं चालू लागले तसा ह्यांचा आवाज ताळ्यावर येतो आहे. आता सुरुवातीचे शब्दही लागले. घरातून निघून वीस-पंचवीस पावलांवर हे हळू आवाजात म्हणतात, "हाये अजून उभी."

पार्बताबाईची शेळी असणार. ती आमच्या दारात येऊन उभी राहायची आणि हे तिला हाकलत नसत.

आवाज अगदी ह्यांचाच झालेला नाही. तीनला होईल.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

पडले.

दसऱ्याची सुट्टी होऊन गेले होते. पाय हलका वाटत होता. नीलमनं सुरुवातीलाच तीनचा वेग दिला. घर सुटलं, नळ गेला, आणि मागून ह्यांचा आवाज आला. ह्यांचाच. सेल भरल्यासारखा, आत्ता खोलीत बोलल्यासारखा. "हाये अजून उभी." त्यात किंचित हसू होतं. ते आधी कधी कळलं नव्हतं.

मी वळले. ठरवून नाही. घरात मागून कोणी बोललं तर माणूस वळतो तशी वळले.

हे दिसले. तपकिरी स्वेटर, मान खाली, डाव्या हातात मोबाईल. त्यांच्या मागे आमचं दार आणि दारात कोणीतरी बाई. मग पाय पट्ट्यानं ओढून नेला, दोरी सुटली, पट्टा थांबला. नीलमनं बेल्ट धरून ठेवला म्हणून आपटले नाही, पण डावी नडगी दांडीवर घासली. रक्त आलं. खुबा ठीक आहे. हाडाचा फोटोही काढून झाला, सळई जागेवर आहे.

दारात कोण बाई होती कळलं नाही. आमच्या दारात परकी बाई कशाला येईल.

४ ऑक्टोबर, शनिवार

सीमानं काल नडगीला मलम लावलं. आज बोलली.

"सांगतलं होतं ना मी, जंगलच बरं म्हणून? दुसरा खुबा मोडला असता तर? मले शाळेतून बोलावून घेतलं, माहीत हाये काय तुले? वर्ग तसाच सोडून आली मी."

"तू मले सांगतलं नाही, बाबा मागं हायेत म्हणून."

"सांगतलं असतं तर पहिल्याच दिवशी वळली असती तू."

मी पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला.

किशोररावांनी भाजी संपवली आणि मग म्हणाले, "आई, राग मानू नका. आपण त्या बँकवाल्याइले आताच हो म्हणून टाकू. तुमी इथं राहा. इथं वाचनालय हाये, सीमा हाये. अकोल्यात एकट्या पडल्या तर पार्बताबाई काय उचलणार हाये तुमाले? तिले तिची शेळी आवरत नाही."

सीमा हसली नाही, मी पण नाही. मी म्हटलं, दिवाळीपर्यंत बोलला होता. दिवाळीपर्यंत थांबा.

"अन् तो व्हिडिओ?"

"तोच लावीन."

सीमा उठून गेली.

८ ऑक्टोबर, बुधवार

नीलम आता माझ्यापेक्षा सीमाला घाबरते. आज तिनं आधी खुर्ची मांडली. फिरती, चाकं काढलेली. म्हणाली, "काकू, मागचं काय ते आज बसून पाहून घ्या. एकदाचं पाहा अन् मंग समोर पाहून चाला." मी फक्त पहिल्या दोन मिनिटांचं पाहीन म्हटलं.

खुर्ची फिरवून मागे तोंड केलं.

दारातली बाई म्हणजे मी. निळं लुगडं, हातात पोळपाट तसाच, पीठ लागलेला. मी इतकी बारीक होते हे माहीत नव्हतं. मी गल्लीकडे पाहते आहे आणि हे माझ्याकडे पाठ करून, मान खाली घालून मोबाईलमध्ये पाहत चालले आहेत. अंगठा काचेवरून आडवा फिरतो. मग ओठ हलतात. "हाये अजून उभी."

मी नीलमला विचारलं, मोबाईलमध्ये ह्यांना काय दिसत असेल?

"कॅमेरा जे पाहते तेच. बोट फिरवलं की मागचं."

"म्हणजे मी?"

"आता काकू, शेळीकडे पाहून कोणी असं हसते काय?" शेळीचं मीच तिला सांगितलं होतं.

मला पुन्हा लावायला सांगायचं होतं. सांगितलं नाही. तिच्या कामाची वेळ, पेशंट बाहेर बसलेले. ट्रेडमिलवर चढले आणि पंधरा मिनिटं समोर पाहून चालले.

अजून, म्हणाले. म्हणजे रोज असते हे माहीत होतं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

दुकानात पोचले.

आज पायाला काही सांगावं लागलं नाही. पूल, पहिला थांबा, टायरचं दुकान, दुसरा थांबा. मग बाजारातल्या गल्ल्या आणि शटर. त्या दुकानात मी बायको म्हणून दोन-तीनदाच गेले असेन. तिथं आधी कॅमेऱ्याची उंची कमी होते, शटरचा आवाज येतो, मग कॅमेरा काउंटरवर ठेवला जातो. रस्ता तिथं संपतो. पुढचं चित्र पट्ट्याशिवाय चालतं. नीलमनं पट्टा थांबवला आणि मला दोन्ही दांड्या धरायला लावल्या.

मग हे माझ्या मागून उजव्या अंगानं पुढे आले आणि समोर खुर्चीत बसले. चेहरा राखेसारखा. कपाळावर घाम, आणि महिना जानेवारी. तोंड उघडं टाकून श्वास घेत होते. पुलावर नदी काढायला थांबत नव्हते हे तेव्हा मला समजलं. टायरच्या दुकानापाशीही नाही. घरी येऊन एक दिवस म्हणाले नाहीत की रस्ता जड जातो.

ह्यांनी गल्ल्याचं ड्रॉवर उघडलं, आतून पांढरी डबी काढली, एक गोळी जिभेखाली ठेवली आणि डोळे मिटले. बराच वेळ. मग डबी परत ड्रॉवरमध्ये ठेवली, मोबाईल उचलला, कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि चित्र संपलं.

मी शेवटचं तीनदा लावायला सांगितलं. गोळी खिशातून काढली नाही. स्वेटरला उजवीकडे खिसा आहे आणि त्यात डबीचा फुगवटा दिसतो. म्हणजे दोन डब्या. एक खिशात, एक दुकानात.

नीलमनं विचारलं, पाणी पाहिजे का. मी हो म्हटलं.

सायंकाळी सीमा चकल्या पाडत होती, मी तळत होते, बसून. तिच्याकडे न पाहता विचारलं, "दुकान आवरलं तेव्हा ड्रॉवरमध्ये काही होतं काय?"

साचा थांबला.

"डबी होती."

"भरलेली?"

"उघडी होती, आई. झाकण बाजूले. बाबानं गोळी घेतली होती. डॉक्टरले दाखवली मी. ते म्हणाले, घेतली त्यानं, पण ह्या वेळी तिनं भागणार नव्हतं."

तेल तापलं होतं, चकली लाल होत चालली. मी काढली.

"घरची डबी कोनाड्यात राहिली होती त्या दिवशी," मी म्हटलं. "मी पाहिली होती. हे वळणापाशी होते. हाक नाही मारली."

"कोनाड्यात पाह्यली होती मी. त्याच दिवशी." सीमानं हात पिठाचे तसेच ठेवले. "मले वाटलं तुले आठवण नको. म्हणून बोलली नाही. तुले हे खात होतं दोन वर्षं?"

"अन् तू?"

"मी काय. मले वाटे, दुकानात काय झालं ते तू मले विचारशीन. तू विचारलंच नाही."

किशोरराव आत आले, चकली उचलली, आमच्याकडे पाहिलं आणि बाहेर जाऊन खाल्ली.

१८ ऑक्टोबर, शनिवार

झोप लागली. सकाळी एक लक्षात आलं ते लिहिते. गोळीनं वाचले नसते हे आता कळलं. तरी हाक मारायला हवी होती. डबीचा त्याच्याशी संबंध नाही. हे थांबले असते, वळले असते, मी डबी हातात दिली असती आणि तोंड पाहिलं असतं. तेवढं राहिलं ते राहिलंच.

३० ऑक्टोबर, गुरुवार

दिवाळीत डॉक्टर सुट्टीवर होते, आज त्यांच्यासमोर चालले. चष्मा नाही, चित्र नाही, समोर भिंत आणि भिंतीवर हाडांचा तक्ता. तीनचा वेग, वीस मिनिटं, हात मोकळे. मी डोळ्यांसमोर काही आणलं नाही, आणायची गरजही नव्हती. कुठल्या मिनिटाला नळ आणि कुठल्या मिनिटाला पूल, हे पायांना माहीत आहे. पुलावर मी मात्र थांबले नाही.

डॉक्टर म्हणाले, पायरीवर कठडा बसवून घ्या आणि जा.

किशोररावांनी बँकवाल्यांना तिथूनच फोन लावला. नाही म्हणून सांगितलं. मग मला म्हणाले, "आई, कठड्याचा माणूस मी पाठवतो. पण फोन रोज. सकाळी अन् संध्याकाळी."

"दोनदा कायले?"

"एकदा तुमच्यासाठी, एकदा सीमासाठी."

निघताना नीलमनं व्हिडिओ माझ्या मोबाईलवर टाकून दिला. मी तिला तिळाची चटणी दिली. "काकू, पुढच्या पेशंटले हा रस्ता लावू का?" म्हणाली. मी म्हटलं लाव, जंगलापेक्षा बरा आहे, निदान विचारायला पुंजाजी आहे.

२ नोव्हेंबर, रविवार. अकोला

घर उघडलं. चार महिन्यांची धूळ. वाळवी नाही. पार्बताबाई आली, पाय पाहून गेली, बादली परत देऊन गेली. कुठून आणली ते बोलली नाही, मी विचारलं नाही.

सीमा दिवसभर होती. झाडलं, पुसलं, डबे भरले, गॅस पाहिला. कपाटातली डबी मी तिला दाखवली. तिनं तारीख पाहिली, गोळ्या जुन्या झाल्या म्हणाली आणि कचऱ्यात टाकली. मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं होतं.

चारला तिची बस. उद्या शाळा. "येते" म्हणून ती निघाली. मी नव्या कठड्याला धरून दारात उभी राहिले. ती झपाझप चालते, बापासारखी. नळापाशी गेली तेव्हा मी आत पाहिलं, तर टीव्हीवर तिचा चष्मा. तो नसला की तिला फळ्यावरचं स्वतःचं अक्षर दिसत नाही.

चष्मा घेऊन मी दारात आले. ती वळणाजवळ, तीस-चाळीस पावलांवर, पाठमोरी.

"सीमा."

पहिली हाक पोचली नाही. पुन्हा मारली, जोरात. "सीमा, थांब."

पार्बताबाई कुंपणातून वर आली. "अव माय, निघाल्या लेकीले मागून हाक काहून मारून राह्यली?"

"चष्मा राह्यला तिचा," मी म्हटलं आणि पायरी उतरले.

सीमा वळून उभी होती. मला येताना पाहून तीही निघाली, मी हातानं थांबवलं. तिथंच थांब म्हटलं, मी येते. नळ गेला, शेळी गेली. पार्बताबाई कुंपणावरून पाहत राहिली. मी चष्मा तिच्या हातात दिला. तिनं तो घातला आणि माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं. मग ती बसला गेली.

दारापासून वळणापर्यंत बेचाळीस पावलं आहेत. चित्रात कधी मोजली नव्हती.